बडोद्याचं बेसणं आणि तिसरा अंक

सांगलीला परत आल्यापासून जो भेटतो तो दोनच प्रश्न विचारतो. राजवाडा पाहिलात का, आणि भाकरवडी आणलीत का. दोन्हींचं उत्तर नाही. मग तीन दिवस बडोद्यात केलंत तरी काय? बेसण्याला गेलो होतो, असं सांगितलं की माणूस गप्प होतो, कारण बेसणं म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही. मलाही नव्हतं. रोज रोज तोंडी सांगायचा कंटाळा आला, म्हणून हे लिहून काढतो आहे.

मी माने. नाटक कंपनीत तीस वर्षं प्रॉम्प्टर होतो. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, आणि नट अडला की पुढचं वाक्य त्याच्या कानावर घालायचं. प्रेक्षकाला आपण आहोत हे कळलंच नाही तर आपलं काम चोख. त्यातली एकोणीस वर्षं मी गजानन शिर्के यांच्यासाठी बसलो. शिर्के मूळचे बडोद्याच्या वाडी भागातले, पूर्वज संस्थानच्या फौजेत. आठ वर्षांपूर्वी बडोद्यातच एका प्रयोगात ते तिसऱ्या अंकात अडले ते अडलेच. पडदा पाडावा लागला. त्यानंतर त्यांनी पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. आठवण दगा देते, असं सांगून बहिणीकडे राहायला गेले, आणि गेल्या पावसाळ्यात वारले.

वाडीतल्या मराठी मंडळाच्या घोरपड्यांचा फोन आला, "माने काका, शिर्केकाकांवर तुम्हीच बोला ने. तुम्ही सगळं जवळून पाहिलंय." मी लगेच हो म्हटलं. जवळून पाहिलं होतंच. शिर्क्यांची आठवण शाबूत होती. त्या संध्याकाळी चुकलो होतो तो मी, आणि हे जगात मला एकट्याला माहीत होतं. आठ वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. यावेळी सांगायचं, असं ठरवून तिकीट काढलं. ठरवलेलं मी पार पाडतोच असं नाही, हेही मला माहीत होतं.

गोत्री, शुक्रवार

गाडीत काही घडलं नाही. स्टेशनवर घोरपडे घ्यायला आले होते. बँकेत नोकरी, पन्नाशी, आणि तोंडात तीन भाषांची मिसळ. "आवो आवो काका! केम छो? प्रवास सारो झाला ने?" मी मराठीत उत्तर दिलं, ते फोनवर गुजरातीत बोलले, रिक्षावाल्याशी हिंदीत भांडले आणि पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "आता घरी जाऊन आधी जमून घ्या." जमणं म्हणजे जेवणं, हे मला पानावर बसल्यावर कळलं.

उतरायची सोय शिर्क्यांच्या धाकट्या बहिणीकडे, कुमुदताईंकडे केली होती. हे मला आधी सांगितलं असतं तर मी लॉजवर राहिलो असतो. गोत्रीतली सोसायटी, तिसरा मजला, खाली मुलं पतंगाला कन्ने बांधत बसलेली. वाटेत जागोजागी खांबांना दोरे ताणून त्यांवर गुलाबी मांजा चढवणं चाललं होतं. आमच्या रिक्षावाल्याचा उजवा हात कोपरापर्यंत गुलाबी होता आणि त्याला त्याचं काही नव्हतं. आपल्याकडे संक्रांतीला तिळगुळाच्या वड्या करायच्या आणि गोड बोलायचं. इथे म्हणे उत्तरायणाचे दोन दिवस सगळं शहर गच्चीवर जातं आणि एकमेकांचे दोर कापतं.

कुमुदताई शाळेतून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, ताठ. मी भडंगाची पिशवी पुढे केली. त्यांनी वास घेतला. "लसूण मस्त आहे हो. पण आमचा लीलो चेवडो खाल्ला नाहीत तर तुम्ही बडोद्यात आलातच नाहीत." तो ओला, मऊ, गोडसर बटाट्याचा चिवडा माझ्यासमोर आला. मी तो पाहिला आणि म्हणालो, पोट जरा बरं नाही. त्यांना वाईट वाटलं असावं. पण तो चिवडा मला जन्मात पुन्हा खायचा नव्हता, त्याचं कारण पुढे येईल.

घरभर चिठ्ठ्या होत्या. गॅस बंद केला का. किल्ली खिडकीपाशी. दूधवाला सोमवारी नाही. शिक्षिकेचं सुंदर अक्षर. मी आपला गमतीनं म्हणालो, "ताई, तुमच्याकडे प्रॉम्प्टरची सोय झकास आहे." त्या हसल्या नाहीत. जेवायला वालपापडी आणि बाजरीची भाकरी होती, आमटी गोड. बडोद्याच्या मराठी आमटीत गूळ आपल्या दुप्पट असतो आणि त्यावर बोललेलं कुणाला खपत नाही. मी बोललो नाही.

खंडेराव मार्केट, शनिवार

सकाळी ताईंबरोबर भाजीला गेलो. खंडेराव मार्केटची इमारत बाहेरून एखाद्या संस्थानिकाच्या कचेरीसारखी, आणि आत मुळा, रताळी, हिरवा लसूण. उंधियोचे दिवस. जांभळ्या कंदाचे तुकडे करून ढीग घातलेले, हिरव्या तुरीच्या शेंगा पोत्यांनी ओतलेल्या. आपल्याकडे भाजीवाली "घ्या की ओ" म्हणून अंगावर येते; इथला भाजीवाला "बेन, शांतीथी जुओ" म्हणतो, सावकाश बघा. सावकाश बघितलं की माणूस जास्त घेतो, ही युक्ती आपल्या लोकांना अजून कळलेली नाही.

ताईंच्या हातात यादी होती. एक जिन्नस घेतला की त्यावर काट. तरी त्यांनी कोथिंबीर दोनदा घेतली. पिशवी उघडल्यावर पहिली जुडी दिसली, आणि भर बाजारात त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, कोथिंबीरच ती," मी म्हणालो. "माझी बायको तीनदा आणते."

"तुमच्या बायकोच्या भावाला ते झालं नव्हतं," त्या म्हणाल्या.

चहाच्या गाडीपाशी बाकडं होतं, तिथे बसलो. त्या सरळ समोर बघत बोलत होत्या. "गजाचं पासष्टाव्या वर्षी गेलं. भर स्टेजवर. मी पहिल्या रांगेत होते. घराण्यातच असणार. माझा तर आता सत्तरीचा उंबरठा ओलांडून झाला. डॉक्टर म्हणतात, काही नाही, वयाप्रमाणे चाललंय. पण त्यांनी गजाला त्या दिवशी पाहिलं नव्हतं ना! माझा मुलगा बंगळूरला असतो. तो म्हणतो, फ्लॅट विकायला काढू, माझ्याकडे ये. उत्तरायण झालं की जाणार आहे मी. डोकं ठिकाणावर आहे तोवर गेलेलं बरं."

"जायचंय का तुम्हाला?"

"कुणाला जायचं असतं हो? तिथे चौदाव्या मजल्यावर मी कुणाशी बोलू, लिफ्टशी?"

चहात आलं आणि पुदिना होता. माझा कप गार झाला. सांगलीहून निघताना हा माझा आणि एका मेलेल्या माणसाचा मामला होता, आणि मेलेला माणूस काही जाब विचारत नाही. आता ही समोर बसलेली बाई माझ्या चुकीपायी घर सोडून निघाली होती. तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि विचारलं काय, तर रताळी काय भावानं मिळाली. मला माझी शिसारी आली. उद्या बेसण्यात सांगू, अशी मनाची समजूत घातली. तीस वर्षं अंधारात बसून बोललेल्या माणसाला एका माणसाच्या डोळ्यांत बघून बोलणं जमत नाही, शंभर माणसांपुढे कदाचित जमेल, असं काहीतरी कारण मी स्वतःला दिलं होतं.

दुपारी घोरपड्यांनी आग्रहानं सेव-उसळ खायला नेलं. आपल्या मिसळीची धाकटी बहीण म्हणावी, पण हिच्यात मोड आलेली मटकी नाही, वाटाणे. आणि तिखट वेगळं देतात, ज्याचं त्यानं घालायचं. मी अर्धी वाटी घातली, माज केला. मग दुपारभर ताईंनी मला खडीसाखर दिली.

वाडी, रविवार

गुजराती घरात माणूस गेला की ठरावीक दिवशी दोन तास लोक येऊन बसतात, त्याला बेसणं म्हणतात. पांढरे कपडे, गादीवर बैठक, फोटो, हार, हात जोडायचे आणि निघायचं. वाडीतल्या मराठी मंडळानं ही रीत उचलली आणि तिला आपलं वळण दिलं. वर्षभरात गेलेले नट, गायक, खेळाडू, ज्यांच्यावर आपण जीव टाकला पण ज्यांच्या घरच्या बेसण्याला आपल्याला कुणी बोलावलं नाही, त्या सगळ्यांचं एकच बेसणं, उत्तरायणाच्या आधीच्या रविवारी. नियम दोन. पेपरात आलेलं बोलायचं नाही, आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच बोलायचं. आणि विशेषण वापरायचं नाही. वापरलं की घोरपडे देवघरातली घंटा वाजवतात.

पांढऱ्या कपड्यांचं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नाटकवाला माणूस, सभेला म्हणून लालभडक रेशमी कुडता आणलेला. तो घालून बाहेर आलो तशी कुमुदताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, लग्नाला निघालात का?" मग त्यांनी कपाटातून शिर्क्यांचा पांढरा कुडता काढला. नको नको म्हणालो. "घाला हो. तो काय, पडूनच आहे." शिर्के सहा फूट, मी सव्वापाच. बाह्या तीन वेळा दुमडल्या तरी बोटांवर येत होत्या.

वाडीच्या बोळांत रिक्षा शिरत नाही, चालत गेलो. एका पोळेच्या, म्हणजे जुन्या आळीच्या, तोंडाशी हॉल. गाद्या, गुलाबाच्या पाकळ्यांचं तबक, भिंतीशी चार फोटो. शंभरएक माणूस, सगळं पांढरं, आणि कमालीची शांतता. आपल्याकडच्या शोकसभेत माईकची खरखर आणि अध्यक्षांची वाट बघणं असतं; इथे माईक नाही, अध्यक्ष नाही.

पहिला फोटो एका फिरकी गोलंदाजाचा. त्याच्याबद्दल एक धोबी उठला. "चाळीस वरस त्यांची पँट धुतली. गवताचा डाग नेहमी डाव्या गुडघ्यावर. उजव्यावर कधी नाही. रिटायर झाल्यावर पँट यायची, पण डाग नसायचा. तेव्हा मला वाईट वाटायचं. बस." हात जोडून बसला. घंटा वाजायचं कारणच नव्हतं.

दुसरी खो-खो खेळणारी एक बाई. तिच्याविरुद्ध खेळलेल्या आजीबाई खुर्चीतूनच बोलल्या, "मी बारा सामने तिच्या मागे पळाले. एकदाही हात लागला नाही. दवाखान्यात भेटायला गेले तर म्हणते, घे, आता लाव. मी नाही लावला." हॉलमध्ये हसू फुटलं आणि मग सगळे नाकाला रुमाल लावून बसले. तिसरी गरबा गाणारी. तिच्यासाठी एक तरुण प्राध्यापक "अजरामर आवाज" म्हणून गेले, टण्ण! "दैवी" म्हणाले, टण्ण! शेवटी बिचाऱ्यानं सांगितलं की नवव्या दिवशी दोन गाण्यांच्या मध्ये ती मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसायची आणि पायांनीच बादलीत ताल धरायची. हे सांगताना त्याला विशेषण लागलं नाही.

चौथा फोटो शिर्क्यांचा. घोरपड्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठलो. कुमुदताई समोर, तिसऱ्या गादीवर. आणि मला पुढचं वाक्य द्यायला विंगेत कुणी नव्हतं.

"मी त्यांचा प्रॉम्प्टर," मी म्हणालो. "पाहिलेलं तेवढं सांगतो. आठ वर्षांपूर्वीचा इथला प्रयोग. दुसऱ्या मध्यंतरात मंडळींनी लीलो चेवडो पाठवला होता. मी दोन प्लेटी खाल्ल्या. हात पुसले नाहीत, धुतले नाहीत. तिसरा अंक सुरू झाला. बापाची भूमिका. मुलगी घर सोडून निघाली आहे, समोर उभी आहे, आणि बाप बोलत नाही. ती शिर्क्यांची जागा. चांगले वीस आकडे मोजेपर्यंत ते गप्प उभे राहायचे. हॉलमध्ये कुणी खोकायचं नाही. तीनशे प्रयोग मी ती जागा पाहिलीय. त्या दिवशी माझ्या तेलकट बोटांनी दोन पानं एकदम उलटली. मी खाली बघितलं, वाक्य भलतंच. वाटलं, माझं लक्ष नव्हतं, ते पुढे गेलेत आणि आता अडलेत. घाबरून मी पानावरचं वाक्य दिलं. 'गेली ती. दार लावून घे.'"

मी बोटांवर आलेल्या बाह्या वर सारल्या.

"विंगेतून आलेलं वाक्य घ्यायचं, तिथे वाद घालायचा नाही, ही त्यांची शिस्त होती. त्यांनी घेतलं. मुलगी समोर उभी, आणि बाप म्हणतोय, गेली ती. लोक हसले. त्या जागी आजवर कुणी हसलं नव्हतं. त्यांनी मागे जायचा प्रयत्न केला, मी भलत्याच पानावर, मुलीचं काम करणारी रडायला लागली. मग ते पुढे आले आणि तुम्हा सगळ्यांना हात जोडून म्हणाले, मला आज आठवत नाही, माफ करा. तुम्ही टाळ्या वाजवल्या. आत आल्यावर मला म्हणाले, माने, माझंच गेलं. मी म्हणायला हवं होतं, नाही, माझं. मी त्यांना पाणी दिलं. त्यांची आठवण गेली नव्हती. त्यांना काहीही झालं नव्हतं. मी नोकरीला भ्यालो, नंतर लाजेला भ्यालो, आणि मग इतके दिवस झाले की सांगायचं राहिलं. मी भेकड माणूस आहे."

घोरपड्यांचा हात घंटेवर होता. भेकड हे विशेषणच. त्यांनी घंटा वाजवली नाही. खाली बसताना शिर्क्यांच्या बाहीत माझा अंगठा अडकला आणि मी जवळजवळ पडलो. शेजारच्या धोब्यानं सावरलं. लोक एकेक करून फोटोंना पाकळ्या वाहून गेले. मला कुणी काही बोललं नाही, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रिक्षानं गोत्रीला परतलो. वर आल्यावर ताईंनी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच मुलाला फोन लावला. "फ्लॅट काढायचा नाही. हो, बरी आहे. नाही, येत नाही. अरे, येत नाही म्हणजे येत नाही. मग सांगते." फोन ठेवला आणि खुर्चीत बसल्या. चेहरा बदललेला मला दिसला, आणि मूर्खासारखं मला वाटलं, चला, सुटलो.

"माने," त्या म्हणाल्या. कालपर्यंत मी मानेभाऊ होतो. "दर दिवाळीला, पाडव्याच्या दिवशी, दुपारी गजा मला त्या नाटकाची वही आणून द्यायचा. म्हणायचा, धर. आणि तिथे, त्या खिडकीपाशी उभा राहून अख्खा तिसरा अंक म्हणायचा. त्याचं, मुलीचं, सगळ्यांचं. मी बोट ठेवून वाचायचे. एक शब्द हुकायचा नाही. एकाही वर्षी नाही."

मी त्या खिडकीकडे बघितलं.

"संपलं की वही माझ्याकडून घ्यायचा आणि म्हणायचा, घरी येतं गं, कुमे. तिथेच येत नाही. आणि मी काय म्हणायचे, सांगू? असू दे रे, वय झालं. मी म्हणायचे. मी, त्याची बहीण, वही हातात धरून."

मी हात जोडले. माफ करा, एवढं कसंबसं तोंडातून निघालं.

"माझ्यापुरतं बोलाल तर आज तुम्ही मला माझं घर परत दिलंत. त्याबद्दल मी तुमची आभारी आहे, खरंच." त्या उठल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या. "त्याच्या वाटची माफी मी कशी देऊ? एक फोन करायचा होतात हो. गेल्या पावसाळ्यापर्यंत तो फोन उचलत होता."

आतून भांड्यांचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, गाडी किती वाजता आहे, आणि मी सांगितलं.